माडी तापते, ओसरी गारठते

खामगावहून एस. टी. ने चिखलीला निघाले की वाटेत घाट लागतो. उन्हाळ्याच्या दिवसांत गाडी घाट चढून वर आली की खिडकीतून लागणारी झळ जराशी सौम्य होते, हे नेहमी ये-जा करणाऱ्यांना ठाऊक आहे. बुलढाणा जिल्ह्यात माणूस आपला पत्ता दोन शब्दांत सांगतो. एक घाटाखालचा, दुसरा घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हे घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगावराजा हे घाटावर. दर शंभर मीटर उंचीला हवा साधारण अर्ध्या ते पाऊण अंशाने थंड होते. म्हणून आपल्या जिल्ह्याची ही माडी गार आणि तळमजला गरम, असा निसर्गाचा हिशेब आहे.

परंतु घरात शिरले की हा हिशेब नेमका उलटा होतो. तिथे ओसरी गार आणि माडी भट्टीसारखी. असे का व्हावे, आणि त्यावर काय करावे, याचा विचार आज करू.

निमित्त झाले एका पत्राचे. चिखली तालुक्यातल्या एका खेड्यातून एका सुनेने ते लिहिले होते. घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेले, दुमजली. खाली थोरले दीर, जाऊ, त्यांची मुले व सासूबाई राहतात. वर माडीवर ही, हिचे मालक आणि सात महिन्यांचे बाळ. घरात कूलर एकच, तो खालच्या बैठकीच्या खिडकीत. वीजबिल दोघे भाऊ अर्धे अर्धे भरतात. "कूलरमध्ये पाणी भरण्याची पाळी माझ्याकडे आहे," असे तिने लिहिले होते, "पण त्याची हवा आमच्यापर्यंत कधी आली नाही. बाळाच्या अंगभर घामोळ्या आल्या आहेत. दुसरा मोठा कूलर घ्यावा असे हे म्हणतात. थोरले म्हणतात, बिल वाढेल. त्यावरून बोलणे वाढले आणि परवा वाटणीचा शब्द निघाला. घर मोडू नये असे मला वाटते. आपण काही सुचवाल का?"

अशा पत्राला टपालाने उत्तर देऊन भागत नाही. वैशाखातल्या एका दुपारी मी त्या घरी गेलो.

घर जुन्या पद्धतीचे आणि नमुनेदार. खालच्या भिंती दीड-दोन हात रुंद, दगड-मातीच्या. वर सागाच्या तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. हीच माडीची जमीन. बाहेर डोळे उघडवत नव्हते, पण ओसरीत पाऊल टाकताच रांजणाजवळ बसल्यासारखे वाटले. बैठकीत कूलर घोंघावत होता. कोपऱ्यात खाटेवर आजी गोधडी पांघरून बसल्या होत्या. डोक्याला पदर, पदरावर मफलर. मी नमस्कार केला तेव्हा त्या म्हणाल्या, "मले थंडी वाजते बाप्पा, अन् वरते लेकराले घामोळ्या. हा कसा न्याय म्हनावा?"

थोरल्या भावाने कूलर आणला होता तो आईसाठीच. आईला तो नको होता, हे तिला कोणी विचारलेच नव्हते. आणि तिनेही मुलाचे मन मोडू नये म्हणून सांगितले नव्हते. घराघरांत असेच चालते.

जिना चढून वर गेलो. जिन्याच्या तोंडाशी लाकडी झाकण होते, ते लावलेले. उघडून डोके वर काढताच कानाला झळ लागली. माडीच्या भिंती विटांच्या, नऊ इंची. वर टिनाचे पत्रे, हाताने पोहोचता येईल इतके खाली. छताला पंखा गरगरत होता आणि पत्र्याखालची तापलेली हवा खाली ढकलत होता. खिडक्या दोन, दोन्ही पश्चिमेला. बाळ ओल्या फडक्यावर निजवले होते, पण निजले नव्हते.

आजींनी खालून सांगितले, की पूर्वी माडीवरही मातीचे धाबेच होते. दोन पावसाळे गळले, माती वाहणारा गडी मिळेना, म्हणून धाबे काढून पत्रे घातले. त्या धाब्याला साणे होते. साणे म्हणजे उजेड आणि हवा यांसाठी ठेवलेले भोक. पावसात त्यावर झाकण घालायचे, एरवी उघडे. पत्रे आले आणि साणे गेले. पत्रा व भिंत यांच्यात जी फट राहिली होती, तीही चिमण्या आणि उंदीर येतात म्हणून सिमेंटने बुजवली.

मला रोग तिथेच सापडला. तरीही तीन दिवस नोंद ठेवा, असे त्यांना सांगितले. बाजारात भिंतीवर टांगायचा साधा उष्णतामापक मिळतो. तसे तीन आणावेत. एक खाली, एक वर, एक अंगणातल्या निंबाच्या सावलीत टांगावा. ऊन, चूल व कूलरचा झोत यांपासून तो दूर असावा. सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री नऊ, असा दिवसातून तीन वेळा पारा पाहून मुलांच्या वहीत लिहावा. नोंद आली ती अशी. दुपारी तीनला माडीतला पारा अंगणातल्या सावलीपेक्षाही वर. म्हणजे बाळाला माडीपेक्षा निंबाखाली झोळीत ठेवले असते तरी बरे झाले असते. रात्री नऊला पत्रा निवलेला, पण पश्चिमेची भिंत हाताला गरम. आणि खालचा पारा तिन्ही वेळा जवळजवळ एकाच जागी.

दोष कुणाचा, हे वेळ सांगते

वाचकहो, आपल्या घरी माडी तापत असेल तर आधी हे पाहा, की ती सर्वांत जास्त कोणत्या वेळी तापते. पत्रा पातळ असतो. ऊन पडले की लगेच तापतो आणि चुलीसारखा खाली शेक देतो. ऊन उतरले की तासाभरात निवतो. म्हणून पत्र्याची माडी दुपारी भाजते. सिमेंटचा स्लॅब जाड असतो. दुपारचे ऊन तो पोटात साठवतो आणि चार-पाच तासांनी खाली सोडू लागतो. म्हणून स्लॅबची माडी रात्री झोपू देत नाही. मातीचे धाबे आणि दोन हातांच्या भिंती यांतून उष्णता आत यायला अर्धा दिवस लागतो. तोवर बाहेर रात्र झालेली असते. म्हणून जुने घर खाली गार राहते. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी गेलात, तर तिथल्या जुन्या वाड्याच्या भिंतींची रुंदी जरूर पाहा. ती रुंदी बळकटीसाठी आहेच, पण आतल्या माणसाला उन्हापासून वाचवायलाही ती उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट सूर्याची. चिखली साधारण वीस अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या २२ तारखेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्याच पायाशी जाते. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. सगळा मारा छपरावर, आणि सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिम भिंतींवर. छप्पर कोणाचे? माडीचे. खालच्या मजल्याला माडीचीच सावली मिळते. म्हणजे वरचे लोक खालच्यांची छत्री होऊन बसलेले असतात.

तिसरी गोष्ट हवेची. गरम हवा हलकी, ती वर चढते. गार हवा जड, ती खाली बसते. घाटावर उघड्यावर गरम हवा वर निघून जाते आणि वारा तिला घेऊन जातो. तिथे डोक्यावर पत्रा नाही. माडीला मात्र पत्रा आहे आणि फट बुजवलेली आहे. सगळ्या घराची गरम हवा जिन्यातून वर येऊन तिथे कोंडते. खालचा कूलर कितीही मोठा आणला तरी त्याची गार हवा आपण होऊन जिना चढणार नाही.

यावरून क्रम ठरतो. आधी ऊन छपरावर अडवा. मग गरम हवेला वरून वाट द्या. कूलर शेवटी. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. आधी कूलर, मग आणखी मोठा कूलर, आणि छपराकडे कोणी पाहतच नाही.

पहिले काम : ऊन अडवणे

पत्र्याच्या माडीला सर्वांत स्वस्त उपाय आपल्या शेतातच आहे. तुरीच्या तुराट्या, नाहीतर कपाशीच्या पऱ्हाट्या. तुराट्या सरळ असतात, म्हणून त्या बऱ्या. त्यांचे दाट कूड बांधून ते पत्र्याच्या खाली छतासारखे बसवावे. पत्रा व कूड यांच्यात निदान वीतभर पोकळी ठेवावी आणि ती दोन्ही टोकांना उघडी ठेवून तिथे बारीक जाळी मारावी. पत्र्याचा शेक मग आपल्या अंगावर न येता कुडावर येतो, आणि पोकळीतली तापलेली हवा टोकांतून बाहेर जाते. पोकळी बंद केली तर अर्धा उपयोग गेला. कुडाला खालून माती व शेण यांचा गिलावा द्यावा. त्याने कचरा गळत नाही, किडा कमी लागतो आणि आग धरण्याची भीतीही कमी होते. विजेची तार कुडातून उघडी नेऊ नये. ती प्लास्टिकच्या नळीतूनच न्यावी. माडीवर चूल किंवा गॅसची शेगडी असेल तर तिच्यावर असे छत करू नये.

काही जण तुराट्या पत्र्याच्या वर पसरतात. त्याने गारवा येतो, परंतु वावटळीत त्या उडतात आणि ठिणगी पडली तर भडकतात. ओल्या झाल्या की त्यांच्याखाली पत्रा गंजतो. तसे करायचेच तर दोरखंडाने आवळून बांधावे आणि मृगाच्या आधी उतरवून घ्यावे.

पत्र्यावर चुना टिकत नाही, पहिल्या वळवात धुऊन जातो. पत्र्याला बाहेरून पांढरा तेलरंग द्यावा. स्लॅबला मात्र चुना उत्तम. काळपट स्लॅब पडलेल्या उन्हाचा बहुतेक भाग पोटात घेतो. स्वच्छ पांढरा चुना बहुतेक भाग परत फेकतो. होळी झाली की गच्ची झाडून, धुऊन घ्यावी. एक किलो कळीच्या चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी या हिशेबाने चुना विझवावा, रात्रभर मुरू द्यावा, फडक्यातून गाळावा. थोडा डिंक गरम पाण्यात विरघळवून त्यात घालावा, म्हणजे चुना हाताला लागत नाही. दोन-तीन हात द्यावेत. चुना विझताना उकळतो आणि उडतो. त्याचा एक थेंब डोळा घालवू शकतो. मुलांना जवळ येऊ देऊ नये, चुन्यात पाणी न घालता पाण्यात चुना हळूहळू सोडावा आणि अॅल्युमिनियमचे भांडे घेऊ नये. डोळ्यात उडालाच तर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवून तडक दवाखाना गाठावा. वर्षभरात धूळ बसून चुना मळतो, म्हणून दर साली पुन्हा एक हात.

हा उपाय साधा आहे म्हणून त्याला कमी लेखू नका. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबाद शहरात उष्णतेची मोठी लाट आली आणि पुष्कळ माणसे दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या महानगरपालिकेने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. दक्षिण आशियातल्या शहरांत तो पहिला. पुढे तिथल्या गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे काम याच धोरणात आले. शहरातल्या शहाण्यांनी स्वीकारलेली ही गोष्ट आपल्या खेड्यातल्या बाईच्या हातची आहे.

पश्चिमेच्या भिंतीचा विसर पडू देऊ नका. तिला बाहेरून चुना द्यावा. खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून गोणपाट किंवा ताटी लावावी. ऊन काचेच्या आत आले की ते आपले झाले, मग पडदा काय करणार? भिंतीपासून चार-पाच हातांवर शेवगा लावला तर तो दोन वर्षांत सावली धरतो. निंबाला वेळ लागतो, पण तो नातवंडांनाही पुरतो.

दुसरे काम : साणे परत आणा

त्या घरात बुजवलेली फट आम्ही फोडायला लावली. भिंतीच्या अगदी वरच्या अंगाला, पत्र्याच्या लगत, दोन्ही बाजूंना हात-हात लांबीचे झरोके काढले. चिमणी-उंदरांसाठी जाळी मारली आणि पावसाचा सपका येऊ नये म्हणून बाहेरून पत्र्याची पडवी काढली. झरोका उंच हवा, कारण गरम हवा उंचीवरच साचते. खिडकी डोक्याच्या पातळीवर असेल तर तिच्या वरची हवा जागची हलत नाही. आणि हवा जायला जेवढी वाट, तेवढीच ती खालून यायलाही हवी. पूर्वेला खिडकी नव्हती, म्हणून जिन्याचे झाकण जाळीचे करून घेतले. झाकण काढून टाकणे बरे नव्हे, घरात रांगते मूल आहे.

वाट बरोबर चालते की नाही, हे उदबत्ती सांगते. झरोक्याजवळ पेटती उदबत्ती धरावी. धूर बाहेर ओढला गेला तर काम झाले. आत आला किंवा जागीच घुटमळला तर कुठेतरी अडले आहे असे समजावे.

खिडक्यांची शिस्तही ठेवावी लागते. सूर्य वर येऊन बाहेरची हवा तापू लागली की खालच्या मजल्याच्या खिडक्या लावून घ्याव्यात. दिवस मावळून हवा निवली की सगळ्या उघडाव्यात. जाड भिंत रात्री गारवा पिते आणि दिवसभर तो पुरवते. चोराच्या भीतीने रात्री सगळे बंद ठेवले तर तिला गारवा मिळणार कुठून? गज आणि जाळी बसवून घ्यावी, पण रात्रीची हवा अडवू नये.

शेवटी कूलर

कूलर म्हणजे यंत्रातला रांजण. पाणी वाफ होऊन उडताना उष्णता ओढून घेते. एक लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता ओढते, तेवढी साडेसहाशे वॅटची शेगडी तासभर पेटवल्यावर निघते. म्हणून वैशाखाच्या कोरड्या दुपारी कूलर हवेला दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो. मृग लागला आणि हवेत ओल भरली, की पाणी उडत नाही. मग तोच कूलर दोन-तीन अंशही उतरवत नाही, उलट अंग चिकट करतो. तेव्हा त्यातले पाणी बंद करून नुसता पंखा चालवावा.

कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते, म्हणून तो खिडकीबाहेर तोंड काढून बसवावा. त्याने आत ढकललेल्या हवेला बाहेर जायला समोरची वाट हवी. दारे-खिडक्या लावून कूलर चालवणे म्हणजे खोलीत वाफ कोंडणे. आणि इथेच खाली-वर हवा वाटून घेण्याची युक्ती आहे. कूलर हवा ढकलतो, आणि जिकडे वाट तिकडे ती जाते. त्या घरात खालचे मागचे दार सताड उघडे असे आणि जिन्याचे झाकण बंद. त्यामुळे सगळी गार हवा परसात जाई. गोठ्यातली गाय तेवढी सुखी होती. मागचे दार चार बोटे उघडे ठेवून जिना व वरचे झरोके मोकळे केले, तेव्हा ती हवा जिन्याने वर येऊ लागली. वर येईतो ती थोडी कोमट होते हे खरे, परंतु कोंडलेल्या पत्र्याच्या हवेपेक्षा ती कितीतरी बरी.

तरी खरे सांगायचे तर त्या घरात कूलरची जागा वर होती. खाली भिंतीच कूलरचे काम करत होत्या. हे मी बोलण्याआधी आजीच बोलल्या. "वरते न्या तो डबा. माह्या हाडाले नको." थोरले भाऊ क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "आई, तू आधी का नाही बोललीस?" आजी म्हणाल्या, "तू इचारलं कवा?" त्यावर सगळे हसले, आणि वाटणीची गोष्ट त्या दिवशी पुन्हा निघाली नाही.

कूलर वर नेताना मात्र तीन गोष्टींची काळजी घ्यावी लागते.

पहिली वजनाची. पाण्याच्या प्रत्येक लिटरला एक किलो, म्हणजे ऐंशी लिटरची टाकी भरली की जवळपास क्विंटलभर ओझे झाले. जुन्या लाकडी तक्तपोशीच्या मध्यावर ते ठेवू नये. भिंतीलगत, तुळईचे टोक जिथे भिंतीत शिरते तिथे ठेवावे. तुळईला वाळवी लागली आहे का, हे आधी सुताराकडून ठोकून पाहावे. ओघळलेले पाणी मातीच्या जमिनीत मुरू देऊ नये, खाली पत्र्याची पसरट परात ठेवावी. धाबे सुके असते तोवर बळकट, ओले झाले की जड आणि कमजोर.

दुसरी विजेची. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. पत्र्याचा कूलर, ओली जमीन आणि अनवाणी पाय असा तो मेळ असतो. तीन पिनांचाच प्लग घ्यावा आणि अर्थिंग खरोखर जमिनीत गेले आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्यावे. ३० मिलिअँपिअरचे गळती-बटन बोर्डावर बसवून घ्यावे. तारेत गळती झाली की ते क्षणात वीज तोडते. पाणी भरताना नुसते बटन बंद करून भागत नाही, प्लग काढून हातात घ्यावा. मुलांना कूलरला हात लावू देऊ नये.

तिसरी पाण्याची. कूलर कोरड्या दिवसांत तासाला पाच ते दहा लिटर पाणी पितो. दिवसभर चालवला तर चार-पाच घागरी सहज. टँकरच्या गावात ते पाणी बाईच्या डोक्यावरून येते, हे पुरुषांनी लक्षात ठेवावे. छत आणि झरोके केले की कूलर दिवसभर लागत नाही, भर दुपारचे चार तास पुरतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवावी. डेंगीचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचे पंख फुटतात. वाळ्यावर किंवा गवतावर बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार चढले की हवा अडते, तेव्हा ते बदलावे.

बाळ, म्हातारी आणि बियाणे

हवा चाळीस अंशांच्या वर गेली की नुसत्या पंख्यावर भरवसा ठेवू नये. अंग ओल्या फडक्याने पुसावे. तान्ह्या बाळाला व म्हाताऱ्या माणसाला भर दुपारी खालच्या मजल्यावर आणावे. यात मानापमान नसावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे पाणी न देता अंगावर वारंवार पाजावे. पाजणाऱ्या आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. अंग कढत लागते, माणूस असंबद्ध बोलतो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते, तेव्हा तो उष्माघात समजावा. लगेच सावलीत घेऊन, कपडे सैल करून, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

एक गोष्ट त्या माडीत मला कोपऱ्यात दिसली. सोयाबीनच्या बियाण्याची सात पोती, पत्र्याला टेकतील अशी रचलेली. खाली जागा नाही म्हणून वर ठेवली होती. सोयाबीनचे टरफल पातळ असते आणि उष्णतेने त्याची उगवणशक्ती लवकर जाते. जो पत्रा बाळाला झोपू देत नव्हता, तोच पेरणीही बिघडवत होता. पोती त्याच दिवशी खाली आणवली. जमिनीला न टेकवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून रचली. मग शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायला सांगितले. आठवडाभरात सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे प्रमाणात बसते. कमी उगवले तर पेरताना बियाण्याचे प्रमाण वाढवावे, आणि फारच कमी असेल तर ते विकून दुसरे घ्यावे. ज्यांच्या माडीवर बियाणे आहे, त्यांनी ही परीक्षा मृगाची वाट न पाहता आजच करावी.

शेवट कसा झाला

पंधरा दिवसांनी सुनेचे दुसरे पत्र आले. तुराट्यांचे छत दोघा भावांनी मिळून चार दिवसांत बांधले. तुराट्या थोरल्यांच्या वाटच्या शेतातल्या, मेहनत धाकट्याची. पश्चिमेची भिंत जावाजावांनी चुन्याने पांढरी केली. कूलर वर गेला आणि त्यात पाणी भरण्याची पाळी आता दिवसाआड वाटली आहे. "माडी ओसरीइतकी गार झाली नाही," असे तिने प्रामाणिकपणे लिहिले आहे, "पण बाळ दुपारी दोन तास झोपते. आणि आत्याबाईंनी मफलर काढला."

माडी ओसरीइतकी गार होणारही नाही, कारण ऊन झेलण्याचे काम तिच्याकडे आहे. पण ते काम तिच्या एकटीवर टाकून खालच्यांनी गार हवेत बसू नये, एवढे आपल्या हातात आहे. दुसरा कूलर घेण्याआधी एकदा दुपारी तीन वाजता माडीवर जाऊन डोक्यावर काय आहे ते पाहा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, की इथे पूर्वी साणे कुठे होते. पुष्कळदा उत्तर तिथेच बुजवून ठेवलेले असते.

आपल्या घराची अडचण असेल तर छप्पर कशाचे, खिडक्या कोणत्या दिशेला आणि घर कोणत्या वेळी तापते, एवढे पत्रात जरूर लिहावे.